पाच हजारांत इंजिनचा फॉल्ट शोधायची साधनं कोणती घ्यावीत? (चेक इंजिन लाइट, कोड पी ०१७१)

कात्रज_चढण | ६ जुलै, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

गाडी २०१५ ची पेट्रोल हॅचबॅक, १.२ लिटर, चार सिलिंडर. २०१९ मध्ये बाहेरून सिक्वेन्शियल सीएनजी किट बसवलं. रनिंग ९४ हजार. मे महिन्यापासून एकच दुखणं चालू आहे. पेट्रोलवर कात्रजचा घाट चढताना गाडी ओढत नाही. तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की अडखळते, आणि बोगद्याच्या आसपास चेक इंजिनची पिवळी लाइट लागते.

गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, कोड आला पी ०१७१. ‘ऑक्सिजन सेन्सर गेलाय’ म्हणाले, नवा टाकला, ४,८०० रुपये. आठ दिवसांनी लाइट परत. दुसऱ्या गॅरेजवाल्याने इंजेक्टर क्लीनिंग केलं, १,८०० रुपये. फरक नाही. आता तोच म्हणतोय की पेट्रोल पंपाची पूर्ण असेंब्ली बदलू, साडेसात हजार. आधीच ६,६०० रुपये गेलेत आणि गाडी जिथल्या तिथे आहे.

आता ठरवलंय की पुढचा पार्ट टाकण्याआधी स्वतः तपासायचं. पण ऑनलाइन बघायला गेलं तर गाडीच्या सॉकेटला लावून फोनशी जोडायच्या पाचशे रुपयांच्या निळ्या डोंगलपासून चाळीस हजारांच्या टॅबपर्यंत सगळं समोर येतं. बजेट पाच हजार. प्लग, एअर फिल्टर मी स्वतः बदलतो. मल्टिमीटर आजवर हातात धरलेला नाही. काय घेऊ?

---

मंगळवारपेठ | ६ जुलै, रात्री १०:०५

पाचशेचा डोंगल घ्या, फोनवर ॲप टाका, कोड वाचा, पुसून टाका. माझ्याकडे तीन वर्षं तेच चालू आहे.

---

अबोली | ६ जुलै, रात्री ११:२०

कात्रज_चढण, आधी एक विनंती. आता कोणालाही कोड पुसू देऊ नका. कोड लागला त्या क्षणी इंजिन किती आरपीएमवर होतं, लोड किती, कूलंट किती तापलेलं, ट्रिम (म्हणजे कॉम्प्युटर ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा कमी करतोय) किती होते, याची नोंद गाडीचा कॉम्प्युटर जपून ठेवतो. तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात. कोड पुसला की ती नोंदही जाते, आणि आपल्याला पुन्हा पहिल्यापासून शोधावं लागतं.

मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या मुलांना इलेक्ट्रिकल शिकवते. दर वर्षी पहिल्या महिन्यात मुलं हेच करतात, कोडचं नाव वाचतात आणि त्या नावाचा पार्ट मागवतात. पी ०१७१ चा अर्थ एवढाच, की पहिल्या बँकेचं (सिलिंडरच्या रांगेचं) मिश्रण पातळ आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी आहे, आणि पेट्रोल वाढवत वाढवत कॉम्प्युटरची मर्यादा संपली. कुठला पार्ट गेला ते त्यात कुठेही लिहिलेलं नाही. ऑक्सिजन सेन्सर बिचारा खरी बातमी देत होता, त्यालाच काढून टाकलं.

पातळ मिश्रणाची कारणं बघा. पंपाचा दाब कमी, फिल्टर चोंदलेला, पंपाला पुरेसे व्होल्ट नाहीत, इंजेक्टर तुंबलेले, मोजणीनंतर कुठून तरी हवा आत शिरतेय, सेन्सरच्या आधी सायलेन्सरचा जोड फुटून बाहेरची हवा ओढली जातेय, किंवा हवेचा सेन्सरच चुकीचं सांगतोय. स्कॅनर ही यादी लहान करतो. शेवटचं बोट मात्र बहुतेक वेळा मल्टिमीटर किंवा प्रेशर गेज ठेवतं. म्हणून पाच हजार एकाच वस्तूत घालू नका. साधारण दीड-दोन हजारांचा चांगला डोंगल किंवा हातातला स्कॅनर, हजार-दीड हजाराचा मल्टिमीटर, आणि वायरच्या मागून आत सरकवायच्या बारीक पिनांचा संच, तो दोन-तीनशेत मिळतो. उरलेले पैसे राखून ठेवा. प्रेशर गेज विकत घ्यायची घाई नको, ते उसनं मिळतं.

एक सांगा, एअर फिल्टरच्या पुढे पाइपवर हवा मोजणारा सेन्सर आहे, की मॅनिफोल्डवर (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांवर) दाब मोजणारा छोटा सेन्सर आहे?

---

हरिश्चंद्रगड_भटक्या | ७ जुलै, सकाळी ७:५०

मला तर ही सरळ व्हॅक्यूम लीकची केस वाटते. इंजिन चालू ठेवून रबरी नळ्यांवर कार्ब्युरेटर क्लीनर मारा, आयडल (रेस न देता चालणाऱ्या इंजिनचा वेग) बदललं की जागा सापडली.

---

कात्रज_चढण | ७ जुलै, सकाळी ९:१५

अबोलीताई, बघितलं. पाइपवर काही नाही. मॅनिफोल्डवर तीन वायरींचा छोटा सेन्सर आहे.

---

अबोली | ७ जुलै, सकाळी १०:३०

म्हणजे मॅप सेन्सरवाली गाडी. मग व्हॅक्यूम लीकवर माझा पहिला संशय नाही, आणि हे नीट समजून घेण्यासारखं आहे.

ज्या गाडीत येणारी हवा पाइपवरच मोजली जाते, तिथे पुढच्या फटीतून शिरलेली हवा मोजणीतून सुटते. आयडलला इंजिनला हवाच थोडी लागते, त्यात ही चोरटी हवा मोठा हिस्सा होते आणि ट्रिम वर चढतो. रेस दिली की तिचा हिस्सा कमी होतो आणि ट्रिम उतरतो. मॅप सेन्सरच्या गाडीत तसं होत नाही. फटीतून आलेली हवा मॅनिफोल्डचा दाब वाढवते, सेन्सरला तो दिसतो, कॉम्प्युटर त्या हिशेबाने पेट्रोल वाढवतो. मिश्रण फारसं पातळ होत नाही, आयडल तेवढं चढतं किंवा वरखाली होतं. तुमची तक्रार चढावरची आहे, आयडलची नाही.

आणि भटक्या, तो स्प्रे तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळ पेट घेतो. नवख्या माणसाला तो उपाय सांगायला माझा जीव धजत नाही.

---

हरिश्चंद्रगड_भटक्या | ७ जुलै, सकाळी १०:४८

मॅपचा फरक माहीत नव्हता. माझी जुनी गाडी पाइपवर सेन्सर असलेली होती, तिच्यावरून बोललो. स्प्रेचंही पटलं.

---

ओळख_पटली | ७ जुलै, दुपारी १:३०

डोंगलबद्दल थोडं माझ्याकडून, कारण यात लोकांचे पैसे वाया जातात.

बाजारातल्या बहुतेक स्वस्त डोंगलवर ईएलएम ३२७ लिहिलेलं असतं. मूळ चिप कॅनडातल्या ईएलएम इलेक्ट्रॉनिक्सची. तिच्या पहिल्या आवृत्तीतल्या प्रोग्रामला कुलूप नव्हतं, तो वाचला गेला आणि नकला निघाल्या. नकलांवर सर्रास ‘आवृत्ती १.५’ असं छापलेलं असतं. मूळ कंपनीने १.५ नावाची आवृत्ती कधी काढलीच नव्हती. ‘२.१’ लिहिलेल्या कित्येक नकलांत तर मूळ चिपच्या काही आज्ञाच नाहीत. अशा डोंगलने साधा कोड वाचला जातो, पण लाइव्ह डेटा अडकत अडकत येतो, मध्येच जोडणी तुटते, आणि के लाइन या जुन्या जोडणीवर बोलणाऱ्या गाड्यांशी सूर जुळत नाही.

घेताना चार गोष्टी विचारा. लाइव्ह डेटा दिसतो का, फ्रीझ फ्रेम दिसते का, नोंद फाइलमध्ये साठवता येते का, आणि शॉर्ट-लाँग फ्युएल ट्रिम (क्षणाक्षणाचा आणि टिकून राहिलेला) दिसतात का. चौथ्याचं उत्तर ‘नाही’ आलं तर ते यंत्र तुमच्या कामाचं नाही. आयफोन असेल तर जुन्या पद्धतीचा ब्लूटूथ डोंगल चालणार नाही. ब्लूटूथ लो एनर्जी किंवा वायफायवाला घ्या.

वापरताना एकावेळी पाचच आकडे निवडा: आरपीएम, लोड, दोन्ही ट्रिम आणि पुढचा ऑक्सिजन सेन्सर. वीस आकडे लावले की प्रत्येकाला उशीर होतो आणि झटका नेमका निसटतो.

काम झालं की डोंगल काढून ठेवा. सॉकेटच्या सोळा नंबरच्या पिनला बॅटरीचा करंट कायम असतो. पंधरा दिवस उभ्या गाडीला डोंगल तसाच राहिला तर सकाळी स्टार्टर नुसता टकटक करतो.

---

बे_एरियातली_वैशाली | ७ जुलै, दुपारी ४:१०

मी कॅलिफोर्नियात असते. हे सॉकेट सगळ्या गाड्यांत सारखं असणं याचं मूळ इथल्याच प्रदूषण नियमांत आहे. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून ओबीडी दोन (गाडीने स्वतःचे दोष ओळखून कोड देण्याची पद्धत) सगळ्या कारना सक्तीचं झालं. इथे स्मॉग चेकला (धुराच्या तपासणीला) गाडी नेताना कोणी आदल्या दिवशी कोड पुसून नेला तर पकडला जातो, कारण कोड पुसला की रेडिनेस मॉनिटर (गाडीने स्वतःच घेतलेल्या चाचण्यांच्या नोंदी) कोरे होतात आणि ते पुन्हा पूर्ण व्हायला काही दिवस गाडी चालवावी लागते. नव्या गाड्यांत कायमस्वरूपी कोड हा एक प्रकार आहे, तो स्कॅनरने पुसलाच जात नाही. दोष खरोखर गेला हे गाडीला स्वतःला पटलं की तो जातो.

मंगळवारपेठ, तुम्ही तीन वर्षं कोड पुसताय. एकदा रेडिनेस उघडून बघाच.

---

मंगळवारपेठ | ७ जुलै, संध्याकाळी ६:००

आत्ताच बघितलं. कॅटॅलिस्टचं मॉनिटर ‘अपूर्ण’ दाखवतंय. पुसणं आजपासून बंद.

---

मिरज_वर्कशॉप | ७ जुलै, रात्री ९:५५

धागा आज वाचला. माझं मिरजेत छोटं वर्कशॉप आहे, बावीस वर्षं झाली. अबोलीताईंशी शंभर टक्के सहमत.

आपल्याकडच्या गाड्यांबद्दल एक ध्यानात ठेवा. भारतात बीएस फोर गाड्यांना ओबीडी एक एप्रिल २०१० पासून आणि ओबीडी दोन एप्रिल २०१३ पासून सक्तीचं झालं. त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांत सोळा पिनांचं सॉकेट दिसतं, पण आतली भाषा कंपनीची स्वतःची. तिथे साधा डोंगल गप्प बसतो आणि माणूस समजतो डोंगल खराब आहे. तुमची २०१५ ची आहे, तुम्हाला अडचण येऊ नये.

डोंगल गप्पच बसला तर कॉम्प्युटरवर शंका घेण्याआधी मल्टिमीटरने सोळा आणि चार नंबरच्या पिनांमध्ये व्होल्ट बघा. बॅटरीइतके यायला हवेत. नाही आले तर फ्यूज बघा, पुष्कळ गाड्यांत हा फ्यूज सिगारेट लायटरच्या सॉकेटशी भागीदारीत असतो. कॅनवाली (दोन वायरींवर बोलणारी नवी जोडणी असलेली) गाडी असेल तर बॅटरीचं निगेटिव्ह काढून सहा आणि चौदा नंबरमध्ये रेझिस्टन्स मोजा, ६० ओहमच्या आसपास हवा. १२० आला तर एका टोकाची जोडणी तुटलेली आहे. पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली येऊन बसतात तेव्हा हे हमखास बघायला मिळतं.

आता तुमच्या गाडीचं. तुमच्याकडे एक निदानाचं साधन आधीपासून आहे आणि त्याला एक रुपया लागणार नाही, ते म्हणजे सीएनजीचा स्विच. तोच घाट, तोच गिअर, तेवढाच वेग, एकदा पेट्रोलवर आणि एकदा गॅसवर चढा. ट्रिमची नोंद दोन्ही वेळेला घ्या. हवा, कॉम्प्रेशन, मॅप सेन्सर, ऑक्सिजन सेन्सर दोन्हीकडे तेच. बदलतो फक्त इंधनाचा रस्ता. दोन्हीकडे पातळ आलं तर हवेच्या बाजूला जाऊ. फक्त पेट्रोलवर आलं तर टाकीपासून इंजेक्टरपर्यंतच शोधायचं. आकडे दुसऱ्या माणसाला बघायला सांगा किंवा ॲपमध्ये रेकॉर्ड करा. घाटात फोनकडे बघत चालवू नका.

---

परभणी_डिझेल | ८ जुलै, सकाळी ११:२५

धाग्यात थोडी घुसखोरी करतो. माझी कॉमन रेल डिझेल आहे, गरम झाल्यावर स्टार्ट व्हायला वेळ घेते. हीच साधनं चालतील का?

---

मिरज_वर्कशॉप | ८ जुलै, दुपारी २:००

स्कॅनर चालेल, पण त्यात रेल प्रेशरचा (इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या नळीतल्या दाबाचा) ‘हवा असलेला’ आणि ‘प्रत्यक्ष’ असे दोन्ही आकडे दिसले पाहिजेत. स्टार्टर मारताना प्रत्यक्ष दाब साधारण २०० बारच्या आसपास तरी चढायला हवा, नाहीतर कॉम्प्युटर इंजेक्टर उघडतच नाही. गरम असताना चढत नसेल तर बहुतेक एखादा इंजेक्टर रिटर्नला (टाकीकडे परतणाऱ्या नळीत) जास्त सोडतोय. त्याला चार पारदर्शक बाटल्यांची रिटर्न टेस्ट करतात. चारही इंजेक्टरच्या रिटर्नला नळ्या लावून बाटल्यांत सोडायच्या, ज्याची बाटली आधी भरते तो गुन्हेगार.

इंजिन चालू असताना हाय प्रेशर पाइपचा नट कधीही सैल करू नका. जुन्या डिझेलवर शिकलेले लोक अजून हे करतात. १,६०० बारचा डिझेलचा फवारा कातडी फोडून आत शिरतो. वरून टाचणीएवढं भोक दिसतं, आत बोट सडतं. असं झालं तर घरी पट्टी न बांधता त्याच मिनिटाला दवाखाना गाठायचा. रिटर्न टेस्टही जाणकाराकडून करून घ्या.

---

कात्रज_चढण | १२ जुलै, रात्री १०:१०

खरेदी झाली. ब्लूटूथ डोंगल १,९००, मल्टिमीटर १,२५०, पिनांचा संच २२०. मल्टिमीटर बुधवार पेठेत तपकीर गल्लीत घेतला. दुकानदाराने कॅट थ्री या सुरक्षा पातळीचा, ६०० व्होल्टचा, आत फ्यूज असलेला दिला.

फ्रीझ फ्रेम सापडली, दुसऱ्या गॅरेजनंतर कोणी कोड पुसला नव्हता. त्यात ३,१०० आरपीएम, लोड ८४ टक्के, कूलंट ९१ अंश, लाँग ट्रिम अधिक १९, शॉर्ट ट्रिम अधिक १४.

आज बायकोने फोन धरला आणि आम्ही घाट दोनदा चढलो. पेट्रोलवर आयडलला लाँग ट्रिम अधिक ७, सपाटीवर २,५०० ला अधिक ११, घाटात अधिक १९ आणि वर शॉर्टचे १०-१२. सीएनजीवर तिन्ही ठिकाणी अधिक १ ते अधिक ३ च्या मध्ये. घाटातही गाडी छान ओढते.

आयडलचे अधिक ७ हासुद्धा दोष धरायचा का?

---

अबोली | १२ जुलै, रात्री ११:००

किती सुंदर नोंद आणलीत. माझ्या मुलांना दाखवणार आहे.

आयडलचा अधिक ७ बाजूला ठेवा. साधारण उणे १० ते अधिक १० पर्यंत मी काळजी करत नाही, आणि आता पेट्रोल भरायला गेलं की ई २० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं) मिळतं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच हवेला जास्त इंधन लागतं. शुद्ध पेट्रोलचं प्रमाण १४.७ ला १, इथेनॉलचं ९ ला १. ई १० वर जुळवलेल्या गाडीत ई २० भरलं की ट्रिम चार-पाच टक्के वर सरकणारच. ते कॉम्प्युटरचं नेहमीचं काम आहे.

पण सपाटीवर ११ आणि चढाला १९ हे सरळ सांगतंय की मागणी वाढली की पेट्रोल कमी पडतं. आणि गॅसवर सगळं ठीक. म्हणजे हवेची बाजू सुटली, तो नवा ऑक्सिजन सेन्सर सुटला, मॅप सेन्सर सुटला. राहिला पंप, फिल्टर, इंजेक्टर आणि पंपाची वायरिंग.

---

मिरज_वर्कशॉप | १३ जुलै, सकाळी ८:२०

आता प्रेशर गेज. हे ओळखीच्या मेकॅनिककडूनच लावून घ्या, पेट्रोलचा प्रश्न आहे. पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवायचं, मग लाइनचा दाब उतरतो. मग गेज मध्ये जोडायचं, फ्यूज लावायचा, जोड गळत नाही ना ते बघायचं, अग्निशामक हाताशी ठेवायचा. नळी लांब असेल तर बॉनेटच्या फटीतून बाहेर काढून गेज वायपरखाली अडकवतात, म्हणजे चालत्या गाडीत लोडवरचा दाब बाहेरच्या बाहेर दिसतो. गेज केबिनमध्ये कधीच आणायचं नाही.

पोर्ट इंजेक्शनच्या गाड्यांत साधारण ३ ते ४ बार असतो. नक्की आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला धरा. आयडलला बरोबर आणि चढाला पडत असेल तर लगेच पंप बदलू नका. पंप हा मोटर आहे. तिला १४ च्या जागी ११ व्होल्ट मिळाले तर नवीन पंपही तसाच वागेल. आणि एक विचारतो, पेट्रोल किती ठेवता टाकीत?

---

कात्रज_चढण | १३ जुलै, सकाळी ९:००

खरं सांगतो, गॅसवरच चालवतो म्हणून काटा कायम लालच्या जवळ असतो.

---

मिरज_वर्कशॉप | १३ जुलै, सकाळी ९:१२

ते आजपासून बंद करा. पंप टाकीतल्या पेट्रोलमध्ये बुडलेला राहून गार होतो. सीएनजीवाल्यांचे पंप जळतात त्याचं मोठं कारण हेच. पाव टाकी कायम ठेवा.

---

अबोली | १३ जुलै, दुपारी १२:४५

आणि पंपापाशी व्होल्ट कसे मोजायचे ते मी लिहिते, कारण इथेच सगळे फसतात.

पंपाचं कनेक्टर काढून वायरमध्ये मल्टिमीटर लावला तर १२ च्या वर दाखवेल आणि तुम्ही म्हणाल ‘करंट येतोय’. मल्टिमीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. वायरचे सगळे तार तुटून एकच शिल्लक असला तरी तो पूर्ण व्होल्ट दाखवतो. म्हणून कनेक्टर जोडलेला आणि पंप चालू असताना मोजायचं. पिन कनेक्टरच्या मागच्या बाजूने, रबरी सीलच्या कडेने आत सरकवायची, धातूला टेकली की थांबायचं. वायरला भोक पाडू नका, पुढच्या पावसात तिथूनच गंज चढेल.

मल्टिमीटर डीसी व्होल्टवर. लाल वायर व्होल्टच्या सॉकेटमध्ये आहे ना ते दोनदा बघा. ती १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये राहिली आणि तुम्ही व्होल्ट मोजायला गेलात तर शॉर्ट होतो.

इंजिन पेट्रोलवर चालू. आधी बॅटरीवर मोजा. मग पंपाच्या प्लस आणि मायनसमध्ये. दोन्हींत जो फरक आहे तो कुठेतरी वाटेत हरवलाय. कुठे ते शोधायला लाल टोक बॅटरीच्या प्लसवर आणि काळं पंपाच्या प्लसवर ठेवा, जो आकडा येईल तेवढा प्लसच्या वाटेवर गेला. मग लाल पंपाच्या मायनसवर आणि काळं बॅटरीच्या निगेटिव्हवर. अर्थिंगच्या वाटेवर ०.२ व्होल्टच्या आत यायला हवं. बॅटरीपर्यंत टोक पोचायला चार-पाच मीटर वायरचा एक तुकडा जोडून घ्या.

ठिणगी पडेल असं काही करू नका. टाकीचं झाकण उघडायची गरज नाही, कनेक्टर मागच्या सीटखाली असेल तर तिथेच काम होतं.

---

कात्रज_चढण | १६ जुलै, रात्री ११:३५

मंडळी, सापडलं!

मंगळवारी नाना पेठेतल्या एका जुन्या मेकॅनिक काकांनी गेज लावून दिलं. आयडलला २.९ बार. घाटात ते स्वतः बाजूला बसले, काटा हळूहळू २.२ वर आला आणि तेव्हाच गाडी अडखळली. काका म्हणाले, पंप. मी म्हटलं, दोन दिवस द्या.

आज संध्याकाळी मागची सीट उचलली. अबोलीताईंचा निरोप समोर उघडा ठेवून एकेक पायरी केली. पहिल्यांदा पिन आत जाईना, सीलच्या बाजूने तिरकी घातली तेव्हा टेकली. बॅटरीवर १४.० व्होल्ट. पंपापाशी ११.२. पावणेतीन-तीन व्होल्ट गायब. प्लसच्या वाटेवर ०.३. हात थोडा थरथरत होता. मग टोकं बदलून अर्थिंगच्या वाटेवर लावली: २.५ व्होल्ट.

काळी वायर हाताने चाचपत गेलो. ती सीटमागे डिकीच्या कडेला बॉडीवर एका बोल्टने बसवली आहे, कार्पेटखाली. कार्पेट उचललं तर फोम ओला, आणि थिंबलच्या (वायरच्या टोकाच्या धातूच्या कड्याच्या) खाली तांबूस भुकटी. बोल्ट हिरवट. सीएनजी टाकीच्या फ्रेमसाठी पाडलेल्या भोकातलं सीलंट सुटलंय, तिथून पावसाचं पाणी येत होतं. बोल्टला नुसतं बोट लावलं तर सीटखाली पंपाचा आवाज बदलला, बारीक गुणगुण एकदम भरदार झाली. तो आवाज मी विसरणार नाही.

बॅटरीचं निगेटिव्ह काढलं, बोल्ट काढला, पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत केला, नवं थिंबल दाबलं, घट्ट केलं, वरून ग्रीस. पुन्हा मोजलं: अर्थिंगच्या वाटेवर ०.१, पंपापाशी १३.५.

खर्च थिंबल आणि पॉलिश पेपर मिळून ४० रुपये.

---

मिरज_वर्कशॉप | १७ जुलै, सकाळी ७:३०

शाब्बास! त्या भोकाला पुन्हा सीलंट लावून घ्या, नाहीतर पुढच्या वर्षी परत तेच. फोम पूर्ण वाळवा. आणि गेज पुन्हा लावून घाटात एकदा बघा, पंप इतके महिने उपाशी चाललाय, त्याची तब्येत कळू दे.

---

जालना_मोटर्स | १७ जुलै, दुपारी ३:१५

मी नुकतं स्वतःचं गॅरेज टाकलंय. या धाग्यात ऑसिलोस्कोपचं (व्होल्टचा चढउतार पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राचं) नाव कसं नाही? मी दोन चॅनेलचा घ्यायच्या विचारात आहे.

---

मिरज_वर्कशॉप | १७ जुलै, रात्री ८:४०

धंद्यासाठी घ्या, जरूर घ्या, सोबत डीसी करंटचा क्लॅम्पही घ्या. इंजेक्टरचा फ्यूज काढून स्टार्टर मारायचा, क्लॅम्प बॅटरीच्या जाड केबलवर. प्रत्येक सिलिंडर दाबात आला की करंटचा एक उंचवटा दिसतो. चारांतला एक बुटका आला तर त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन कमी आहे. प्लग न काढता पाच सेकंदांत कळतं, मग त्याच एका सिलिंडरला गेज लावून खात्री करायची. क्रँक आणि कॅम सेन्सरचा ताळमेळ बघायला, टायमिंग चेन सरकली का ते इंजिन न उघडता कळायला त्याच्यासारखं साधन नाही.

पण आधी सहा महिने चांगल्या, निरोगी गाड्यांवर लावून त्यांची चित्रं जमवा. चांगल्याचं चित्र डोळ्यांत बसल्याशिवाय वाईटाचं ओळखू येत नाही. आणि स्कॅनर घ्याल तो दोन्ही बाजूंनी बोलणारा घ्या, म्हणजे पंप, फॅन, इंजेक्टर तुम्हाला स्कॅनरवरून चालू-बंद करता येतील. घरगुती माणसाला त्याची गरज नाही, तुम्हाला रोज लागेल.

---

कात्रज_चढण | ३ ऑगस्ट, रात्री ९:२०

शेवटची नोंद देतो. काकांनी गेज पुन्हा लावलं, घाटात २.८ च्या खाली आलं नाही. लाँग ट्रिम आयडलला अधिक ४, सपाटीवर अधिक ५, चढाला अधिक ६. कोड मी पुसला नाही, तो अठरा दिवसांत आपोआप गेला आणि लाइट विझली. रेडिनेसची सगळी मॉनिटर पूर्ण. सीएनजी फ्रेमच्या भोकांना सीलंट लावलं, दोन मोठे पाऊस झाले, फोम कोरडा आहे. टाकीत पाव टाकी पेट्रोल असतं.

काकांनी माझ्याकडून मल्टिमीटरची ती पद्धत दोनदा करून घेतली आणि वहीत लिहून ठेवली. आज शेजारच्यांची गाडी स्टार्टर संथ मारते म्हणून बघायला गेलो. बॅटरी १२.५ आहे, पण स्टार्टर मारताना बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनच्या पत्र्यापर्यंत १.१ व्होल्ट येतायत. उद्या सकाळी अर्थिंगची पट्टी काढून बघतो आणि फोटो इथेच टाकतो.